लांबलेली तार आणि गारठलेली अंडी

मंगळावरच्या कोंबड्या म्हणजे नुसत्या आळशी. अंडं घालायचं आणि खुशाल चालू लागायचं. एक कोंबडी खुडूक बसेल तर शपथ. म्हणून अंडी उबवायचं काम तिथे एका पेटीकडे होतं आणि ती पेटी सांभाळायचं काम निलाक्षीकडे, म्हणजे आपल्या निलूकडे.

पेटीत सध्या सात अंडी होती. वसाहतीतला एकुलता एक कोंबडा नुकताच म्हातारपणाने गेला होता आणि त्याच्यामागे उरली ती एवढीच. ती वाया गेली, तर पृथ्वीवरून पुढचं यान येईपर्यंत मंगळावर पिल्लू दिसणार नव्हतं. कोंबड्या सांभाळणाऱ्या शकूआत्याचा जीव त्या अंड्यांतच अडकला होता. येताजाता ती त्यांची विचारपूस करायची.

आणि नेमकं धुळीचं वादळ आलं. सूर्य झाकोळला, थंडी वाढली, पेटीची ऊब पुरेना. निलूने डोकं लढवलं. पेटीच्या तळाशी एक तार होती, वीज वाहू लागली की ती तापायची. गोदामात अगदी तशीच, तेवढ्याच लांबीची आणखी एक तार पडून होती. निलूने ती जुन्या तारेच्या टोकाला जोडली आणि सांधा वितळवून पक्का केला. तार दुप्पट झाली, आता ऊबही दुप्पट होणार, यात शंका ती कसली?

झालं मात्र भलतंच. दुपार होईतो पेटी आधीपेक्षाही गार पडली. निलूने अंड्यांवर हात ठेवला, तर ती गारठलेली. शकूआत्याला सांगायचं कोणत्या तोंडाने? ती धावली खटपट्याकडे. खटपट्या हा वसाहतीतला सगळ्यात जुना यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र).

"मी तार वाढवली, तर ऊब कमी झाली," ती रडवेली होऊन म्हणाली. "पेटी बिघडली का रे?"

"पेटी शहाणी आहे. आधी मोजू, मग रडू," खटपट्या म्हणाला. "झाकणावरचे काटे वाच बघू."

विभवांतर (वीज पुढे ढकलणारा जोर) चोवीस व्होल्ट होतं, कालच्याइतकंच. विद्युतधारा (तारेतून वाहणारी वीज) मात्र काल चार अँपिअर होती, ती आज दोनच दिसत होती.

"आता विभवांतराला धारेने भाग. तो झाला रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. तो ओहममध्ये मोजतात."

"काल चोवीस भागिले चार, सहा ओहम. आज चोवीस भागिले दोन, बारा." निलू थबकली. "अडथळा दुप्पट झाला की!"

"होणारच. बारीक नळीने ताक प्यायलीस ना कधी? त्या नळीला पुढे दुसरी नळी जोडली तर ताक जास्त येईल की कमी?"

"कमी. ओढता ओढता गाल दुखतील."

"तसंच विजेचं. आता विभवांतराला धारेने गुण. ती झाली विद्युतशक्ती, दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा. ती वॅटमध्ये मोजतात. आपल्या तारेत त्या सगळ्या ऊर्जेची ऊबच होते."

"काल चोवीस गुणिले चार, शहाण्णव वॅट. आज चोवीस गुणिले दोन, अठ्ठेचाळीस." निलूचा चेहरा उतरला. "मीच ऊब निम्मी केली."

खटपट्या रागावला नाही. "मग ताक जास्त हवं असेल तर दोन नळ्यांचं काय करशील?" एवढंच त्याने विचारलं.

निलूने डोळे मिटले. एका तोंडात दोन नळ्या, शेजारी शेजारी. तिने झटकन डोळे उघडले. "दोन्ही तारांची टोकं वेगवेगळी थेट विजेला जोडायची. प्रत्येकीतून चार, मिळून आठ अँपिअर. चोवीस गुणिले आठ, एकशे ब्याण्णव वॅट."

"पेटीला आठ सोसतील?"

तिने झाकण पाहिलं. दहा अँपिअरपर्यंत धोका नव्हता. शिवाय हवी तेवढी ऊब झाली की पेटी वीज आपोआप तोडत असे, म्हणजे अंडी उकडायची भीती नव्हती. तिने वीज बंद केली आणि कात्री घेतली. तेवढ्यात शकूआत्या दारात उभी.

"अगं, तार कापतेस?" आत्या हबकलीच. तिचंही बरोबर होतं. मंगळावर एक खिळा यायला वर्ष लागे. तिथल्या पोरांना बोलता येण्याआधी शिकवत, जोडा, वाढवा, पण कापू नका. निलूने तार जोडली होती तीही याच सवयीने.

निलूने चूक कबूल केली आणि सगळा हिशेब आत्यासमोर मांडला. आत्याने तो पुन्हा एकदा करायला लावला, क्षणभर अंड्यांकडे पाहिलं आणि तारेचा सांधा स्वतः घट्ट धरला. "काप," ती म्हणाली.

दोन्ही तारांची टोकं वेगवेगळी जोडून झाल्यावर वीज सुरू झाली. काटा आठवर गेला. दोघी पेटीशी बसून राहिल्या आणि हळूहळू ऊब चढली.

वादळ ओसरल्यावर सातांतली पाच अंडी फुटली. दोन गारठ्यात गेली होती आणि निलू त्यांच्यासाठी रडलीही. मग आत्याने तिच्या ओंजळीत एक ओलं पिल्लू ठेवलं. त्याची धडधड तिला बोटांना जाणवत होती.

"खटपट्या, तुझे आभार," ती म्हणाली.

"मी काय केलं? भागाकार तुझा, कात्री तुझी."

"उत्तर तुला ठाऊक होतं, तरी तू मला शोधू दिलंस. आता तू नसलास तरी मला जमेल."

खटपट्याने नुसता हात पुढे केला. आत सतत वीज खेळत असल्यामुळे तो कोमट असायचा. निलूने पिल्लू त्यावर ठेवलं. पिल्लाने दोनदा चोच आपटली, पाय पोटाशी घेतले आणि ते तिथेच झोपी गेलं.

"याला मोठं झाल्यावर केवढं घर लागेल?" खटपट्याने हलक्या आवाजात विचारलं.

"घराचं बघू," निलू म्हणाली. "आधी त्याला किती वॅट लागतील ते काढते."