आठ नंबरचा रॉड, पाच नंबरची दोरी

वैजयंतीच्या आईने त्या कुरडया घातल्या होत्या नागपूरच्या पाहुण्यांसाठी. मुलगा वीज मंडळात, घर स्वतःचं, पत्रिका जुळलेली. महिन्याभरात मंडळी भोपाळला येणार, मुलगी बघणार, मग मुलीने ‘हो’ म्हणायचं तेवढं उरलं होतं. मुलीचं मन काही ‘हो’ म्हणत नव्हतं, पण ‘नाही’ म्हणायला तिच्याकडे कारणही नव्हतं. तूर्त तिला रविवारच्या उन्हात राखणीला बसवलेलं होतं. पिपलानीतल्या कारखान्याच्या क्वार्टरमागे, खाटेवरच्या पांढऱ्या धोतरावर कुरडया वाळत होत्या आणि वैजयंती कावळे हाकत होती.

तेवढ्यात मेंदीच्या कुंपणावरून एक पोपटी दोरी सळसळत आली आणि थेट कुरडयांवर ढीग होऊन पडली.

दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा झुपका होता. वैजयंतीने तो चिमटीत धरून ओढला.

“अहो, ओढू नका... प्लीज...” कुंपणामागच्या मैदानातून एक उंच, सडपातळ तरुण प्रकटला. नाक उन्हाने लाल झालेलं, हातात लांबलचक बारीक काठी.

“तुमची आहे ही?”

“हो. म्हणजे... जायची तिकडे होती.” त्याने मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं.

“ही तर मागे आली.”

“आधी मागेच जाते. मग पुढे... जायला पाहिजे.”

वैजयंतीने मैदानाकडे पाहिलं. दोन बकऱ्या आणि वाळलेलं गवत. हे काय चाललंय, असं तिने विचारलं, तर तो अगदी गंभीरपणे म्हणाला, मासेमारी. पाणी तर कोसभर लांब, म्हणून आधी कोरडा सराव.

तो मनोहर खांबेटे. कल्याणहून आलेला, ट्रान्सफॉर्मरच्या डिझाईन विभागात इंजिनीयर, बॅचलर हॉस्टेलला मुक्काम. कारखान्यात मशीन बसवायला आलेला एक परदेशी इंजिनीयर परत जाताना हा रॉड त्याला भेट देऊन गेला होता. दोरी मात्र मनोहरने कलकत्त्याच्या मामेभावाकडून मागवली. या मासेमारीत गळ असतो पिसांचा, माशीएवढा, त्याला स्वतःचं वजनच नसतं. म्हणून वजन असतं दोरीला. आपण फेकतो ती दोरी, गळ बिचारा तिच्यामागून जातो. हे सगळं त्याने कुंपणाशी उभं राहून अर्धा तास समजावलं. त्याचे डोळे हसरे होते, हे वैजयंतीच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं याचाच तिला राग आला.

पुढचे कित्येक दिवस भोंगा वाजला, शिफ्ट सुटली, की हा मैदानात. दोरी मागे जायची, पुढे यायची आणि ताटात वाढलेल्या शेवयांसारखी त्याच्याच पायाशी पडायची. कधी वारा आडवा यायचा, कधी ऊन डोळ्यांवर. शेजारच्या शर्मा आंटींनी एकदा विचारलंच, “बिटिया, ये लड़का मछली पकड़ रहा है या मच्छर उड़ा रहा है?”

वैजयंती कारखान्याच्या प्रयोगशाळेत ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासायची. हल्ली मनोहर तिथेही उगवू लागला होता. ज्या तेलाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता त्याचे रिपोर्ट मागायचा, आणि मग दारात उभा राहून... काहीच बोलायचा नाही. तिने एकदा पिवळी साडी नेसली. तो बराच वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, “पिवळा रंग लांबून दिसतो. सेफ्टीच्या दृष्टीने चांगला.”

त्या संध्याकाळी ती कुंपण ओलांडूनच गेली.

“रॉडवर काय लिहिलंय बघू.”

“आठ. रॉडचा नंबर.”

“आणि दोरीचा?”

“पाच.” प्रश्न विचारला म्हणून तो खूश झाला. “मुद्दाम पाच मागवली, हलकी. मार्जिन ठेवलं. आठ पेलतो म्हणून आठचाच भार कशाला टाकायचा? आम्ही डिझाईनमध्ये असं कधीच करत नाही.”

वैजयंतीने कपाळाला हात लावला. मग त्याच्या हातातून रॉड घेतला आणि दोरीसकट एकदा मागेपुढे झुलवून पाहिला. झाडूच्या दांड्यासारखा ताठ.

“अहो, हा वाकतच नाहीये. वाकला नाही तर दोरी फेकणार कोण? वजन दोरीचं, हे तुम्हीच सांगितलंत ना मला? आठ म्हणजे आठपर्यंत चालेल असं नाही. आठ लागतंच त्याला. पुलाचा हिशेब मांडून बसलात तुम्ही.”

मनोहरने रॉड परत घेऊन त्याचं टोक बोटाने वाकवून पाहिलं. “एखादा नंबर इकडेतिकडे चालला असता,” तो पुटपुटला.

“आणि तीन?”

त्याने मान खाली घातली. आणि हसला. इतकं छान हसला की वैजयंती तरातरा घरी निघून आली.

आठ नंबरची दोरी पाठव, अशी मामेभावाला तार गेली. मधल्या काळात नागपूरची मंडळी आली, कुरडया दोनदा मागून घेतल्या, मुलगी पसंत म्हणाली. मुलगा वागायला सभ्य होता, त्यामुळे तर जास्तच पंचाईत. रविवारी संध्याकाळी ट्रंक कॉल लावून उत्तर कळवायचं ठरलं.

नेमकी शनिवारी आठ नंबरची दोरी आली. रविवारी सकाळी केरवा धरणावर जायचं का, असं मनोहरने कुंपणापलीकडून विचारलं. वैजयंतीने आईला खरं तेच सांगितलं, एकाबरोबर मासेमारी बघायला जाते. आईने ती थट्टा समजून ‘जा’ म्हटलं.

धरणाचं पाणी शांत होतं. मनोहरने हात मागे नेला... रॉड वाकला, चांगला कमानीसारखा, आणि दोरी हवेत उलगडत दूरवर जाऊन गळासकट अलगद पाण्यावर टेकली. दोघंही बघतच राहिले. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. आता बोलेल, वैजयंतीला वाटलं. आता तरी.

“सुटली,” तो म्हणाला.

तिने दीर्घ श्वास घेतला. “नागपूरला आज संध्याकाळी फोन करायचाय.”

तो पाण्याकडे बघू लागला. “हं... चांगली माणसं आहेत असं ऐकलं.”

“आहेतच.”

“मग थोडा वेळ मागून घ्या ना. एकदम हो किंवा नाही म्हणण्यापेक्षा... जरा...”

“मार्जिन?”

त्याने प्रामाणिकपणे मान डोलावली.

वैजयंतीने चपला उचलल्या आणि रस्त्याकडे चालू लागली. आपण काय म्हणून इथे आलो, हेच तिला कळेना. डोळे भरून आले तेव्हा तर तिला स्वतःचाच भयंकर संताप आला.

मागून धावत येणाऱ्या पावलांचा आवाज आला.

“नाही म्हणा,” मनोहर धापा टाकत म्हणाला. त्याचे दोन्ही हात रिकामे होते. “नागपूरला नाही म्हणा. मला तुम्ही आवडता. खूप. लग्न करायचंय मला तुमच्याशी. आज आईंना भेटतो, आत्ता भेटतो. मला स्वयंपाक येतो, थोडासा... नाही, थोडासा नाही, चांगला येतो. आणि तुम्ही रागावता ना, तेव्हाही मला...”

वैजयंती त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होती. काठावर टाकून दिलेला रॉड हळूहळू पाण्याकडे सरकत होता. एक हिसका बसला. पुन्हा एक.

“मनोहर, रॉड.”

“असू दे.”

“असू दे काय? मासा नेतोय तो.”

“नेऊ दे. मला आधी पूर्ण बोलायचंय.”

आणि तो खरोखरच बोलत राहिला. वैजयंतीने चपला टाकल्या, धावत जाऊन सलवारीसकट गुडघाभर पाण्यात शिरली आणि बुडता रॉड मुठीपाशी पकडला. मासा ओढत होता, ती मागे रेलत होती, आणि काठावरचा माणूस तिला सांगत होता की कल्याणच्या घरात फक्त आई आहे, आणि आई कुणालाच काही बोलत नाही.

“ऐकतेय मी सगळं,” वैजयंती ओरडली. तिला हसू आवरत नव्हतं आणि रडूही. “नागपूरला ‘नाही’ कळवते. तुम्हाला ‘हो’. पण इतके दिवस गप्प बसलात ना, आता दोन मिनिटं आणखी गप्प बसा, आणि आत येऊन हे धरा.”

तो बुटांसकट आत आला.