सैल झालेल्या स्प्रिंगा

क्लचचं झाकण कोमट होतं.

शेडमधल्या बाकीच्या लोखंडावर दव साचलेलं. फक्त त्या झाकणावर नव्हतं...

मशीन वर्षभर फिरलेलं नव्हतं.

मी आष्ट्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. भूत असतं असं आजही म्हणवत नाही. पण गेल्या माघात, आमच्या वस्तीवर, भर दिवसा हे घडलंय. अजूनही लोखंडाला हात लावण्याआधी मी थांबते.

उसाचं पाचट बारीक करायचं ते मशीन माझे सासरे, नाथाजीमामा, ट्रॅक्टरला जोडून चालवायचे. पात्यांना दगड अडला की ट्रॅक्टरचा शाफ्ट आणि पाती यांच्यामधला क्लच घसरतो आणि धक्का तिथंच विरतो. त्यासाठी त्याच्या स्प्रिंगा बेतानं आवळायच्या असतात. पण क्लच घसरला की काम खोळंबतं. म्हणून बरेच जण त्या पार आवळून टाकतात.

मामांनीही आवळल्या होत्या.

दगड लागला. पातं तुटून उडालं, ते थेट त्यांच्या मानेत.

मशीन विकायचं का, असं विचारलं की आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, उठून जायच्या. शेवटी शिवतेजनं, माझ्या नवऱ्यानं, ते स्वतःच चालवायचं ठरवलं. नवी पाती बसवली. क्लच खोलून चकत्यांचा गंज घासला. आणि स्प्रिंगा... पार आवळल्या.

"आवं, थोड्या सैल ठेवा."

"मास्तरीणबाई, फळ्यावर क्लच घसरत न्हाई. रानात घसरतोय."

दुसऱ्या सकाळी झाकण कोमट लागलं. आत सगळ्या स्प्रिंगा सैल. मी मोजून पाहिल्या. सगळ्यांची लांबी सारखी... हवी तेवढीच.

"तूच केलंस न्हवं?"

"मला तो नट हलतो तरी का?"

त्यानं पुन्हा आवळल्या.

दुपारी शेडमधून आवाज आला.

कट्... कट्...

नट सुटण्याचा.

शिवतेज माझ्यासमोर जेवत होता.

आत्यांनी मान वर केली नाही. फक्त डोक्यावरचा पदर सारखा केला.

शेडमध्ये कुणी नव्हतं. स्प्रिंगा सैल होत्या.

शिवतेज चिडला. आवळून त्यानं नटच वेल्डिंग करून टाकले.

"आता सोडव म्हणावं!"

कुणाला, ते बोलला नाही.

ट्रॅक्टर सुरू केला. शाफ्ट फिरू लागला... पाती हलली नाहीत.

क्लच घसरत होता. वेल्डिंग शाबूत. धूर नाही, जळका वास नाही.

इंजिन बंद करून तो वाकला. पातं हातानं फिरवून पाहिलं.

"अडकलंय का काही?"

"न्हाई..." त्यानं पुन्हा जोर लावला. "पल्याडनं धरलंय कुणीतरी."

मी पलीकडे जाऊन वाकले. नुसती जमीन दिसत होती.

आणि पातं त्याचा हात मागं ढकलत होतं. हळूहळू...

दारात आत्या उभ्या होत्या. मामा गेल्यापासून पहिल्यांदाच शेडपाशी आल्या होत्या.

"आवं, लेक हाय तुमचा," त्या मशीनकडे बघत म्हणाल्या. "सोडा."

पातं सुटलं.

मग त्या शिवतेजकडे वळल्या.

"त्ये हितं हाईत म्हणून ठिवलं हुतं मी. इकू नगंस, त्यास्नी दुसऱ्याच्या रानात नगं जायाला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मोडीत घाल, त्यास्नी बी सुटू दे. आजच."