तांडेलकाकांची उघडी फाइल

"चारशे घरं बुडवायचा हुकूम तुम्ही काढलात, आणि त्याखाली स्वतःचं नाव लिहायची तुमची छाती झाली नाही."

पत्राचं हे पहिलं वाक्य लिहून केशर आवटी थांबली. पत्र पाठवायचं कोणाला? हुकमाखाली नुसतं 'सक्षम प्राधिकारी' एवढंच होतं. सक्षम! तिनं तोंड वाकडं केलं.

सकाळी भरतीभिंतीच्या नियंत्रण केंद्रात एक साधं परिपत्रक आलं होतं: सामायिक फोल्डरांमध्ये उरलेल्या तात्पुरत्या फायली आज पाचच्या आत पुसाव्यात. काम केशरकडे आलं. वायरी जोडता जोडता संगणक शिकलेली बाई. असली झाडलोट तिच्याच वाट्याला यायची.

कागदपत्र उघडलं की त्याच्याशेजारी एक इवलीशी फाइल जन्मते, नावाआधी लाटेसारखं चिन्ह असलेली. आत फक्त उघडणाऱ्याचं नाव. कागदपत्र नीट बंद केलं की ती आपोआप जाते. मध्येच वीज गेली तर तशीच पडून राहते. केंद्रात तिला पिल्लू म्हणत. दुपारपर्यंत केशरनं सहाशे पिल्लं पुसली. पुढच्या पिल्लावर नाव होतं, हरेश्वर तांडेल.

तांडेलकाकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मसुदे लिहिणारे जुने लेखनिक. केशरला इथलं काम त्यांनीच शिकवलं. तीस वर्षांत त्यांनी एक पिल्लू मागे ठेवलं नव्हतं. कोणी चालू संगणकाची वायर ओढली की ओरडायचे, "अरे, घरातून निघताना कडी लावतोस ना? मग फायलीनं काय पाप केलंय?"

असा माणूस फाइल उघडी टाकून गेला?

तिनं शेजारचा हुकूम वाचला. 'भरतीभिंतीतील दार क्रमांक सात कायमचे बंद करणे.' तारीख तीन वर्षांपूर्वीची. ती तडक डॉ. नलिनी सरदेशमुखांकडे गेली. केंद्राची स्वयंअंमल यंत्रणा त्यांनीच रचली होती.

"मॅडम, हा हुकूम मंजूर आहे. मग लागू का नाही झाला?"

मॅडमनी चष्मा लावला. "यंत्रणा दर दहा मिनिटांनी फेरी मारते. मंजूर हुकूम दिसला की स्वतःच अमलात आणते, कोणाला बटण दाबावं लागत नाही. अट एकच. त्या वेळी तो कोणी उघडून बसलेलं नको. उघडा असेल तर लिहिणं अजून चालू आहे, असं ती धरते."

"आणि पिल्लू दिसलं तर?"

"तर उघडाच आहे." मॅडमनी हुकमाची तारीख पाहिली. "म्हणजे तांडेल तीन वर्षं हा हुकूम धरून बसलेत."

"मेल्यावरसुद्धा. आणि मी ते पिल्लू पुसलं की?"

"पुढच्या फेरीत सातवं दार बंद. आतली खार जमीन कोरडी होईल. पण भरतीचं पाणी कुठेतरी जाणारच. भिंतीबाहेर बंदरपाडीची चारशे घरं आहेत." त्यांनी भरतीचं कोष्टक पाहिलं. "घरांत चार फूट."

"लोकांना हलवायचं एक अक्षर नाही यात."

"मग पुसू नकोस, बाई."

"उद्या दुसरा पुसेल. मेलेल्याचं पिल्लू म्हणजे कचरा. कचऱ्याला कोणाची सही लागते?"

"नाही लागत. जिवंत माणसाचं असेल तर लागते. पिल्लू पुसणाऱ्याला स्वतःचं नाव नोंदवावं लागतं, पद चालत नाही. ते नाव हुकमावर उमटतं. लेखनिक एकमेकांच्या फायली हिसकावायचे, म्हणून मीच घातला तो नियम."

केशर त्यांच्याकडे बघतच राहिली. "उघडणाऱ्याला नोकरीवरून काढलं तरी?"

"तरी. नोंद माणसाची आहे, नोकरीची नाही. माणूस मेला तरच..." मॅडमच्या ध्यानात आलं. "केशर, वेडी झालीस काय? तुझ्या जिवावर उठतील!"

"तब्येत सांभाळीन, मॅडम."

चार चाळीसची फेरी उलटली. केशरनं तांडेलकाकांचं पिल्लू पुसलं, लगेच हुकूम उघडला आणि संगणकाची वायर भिंतीतून खसकन उपटली. काकांनी तिला फाडून खाल्लं असतं.

शेजारच्या संगणकावर तिनं खात्री केली. 'केशर आवटी ही फाइल वापरत आहेत.' चार पन्नासची फेरी आली आणि गेली. सातवं दार उघडंच राहिलं. भरतीचं पाणी रोजच्यासारखं आत शिरलं.

आता ती अर्धवट पत्राकडे वळली.

"परिपत्रकाप्रमाणे सगळ्या मेलेल्या फायली पुसल्या आहेत. एक जिवंत आहे. खुशाल पुसा, मी अडवणार नाही. फक्त नाव लिहावं लागेल, हुद्दा नाही. या पत्राची प्रत बंदरपाडीच्या चारशे घरांत जाईल. तिथली माणसं वाट बघतील, मीही बघते आहे. सांगा, तुमचं नाव काय?"