चौदा वेळा ‘लागू नाही’

खिडकीतल्या माणसाने माझा उमेदवारी अर्ज परत सरकवला तेव्हा दोन वाजून बारा मिनिटं झाली होती, आणि मुदत तीनला संपत होती.

“चालणार नाही,” तो म्हणाला.

“काय चालणार नाही?”

“रेघा. रकाना लागू नसेल तर ‘लागू नाही’ असं लिहावं लागतं. नुसती रेघ म्हणजे रिकामा सोडल्यासारखं. तुमच्या चौदा आहेत.”

माझा फॉर्म... आणि चालणार नाही? अख्खी वस्ती मला फॉर्मताई म्हणते. सात वर्षं पोस्टाच्या जिन्याखाली टेबल टाकून मी लोकांचे फॉर्म फुकट भरून देतेय — पेन्शनचे, शाळेचे, विजेच्या मीटरचे. जे लागू नाही तिथे आडवी रेघ, हा माझा शिरस्ता. एकाही कचेरीतून माझा कागद कधी परत आला नव्हता. आता स्वतः विधानसभेला उभी राहतेय, तर हा बाबा मला रेघ शिकवणार!

आणि मी हौसेने उभी राहत नव्हते. आमच्या दवाखान्यातलं प्रसूतिगृह चार वर्षं कुलूपबंद आहे. गेल्या वर्षी माझी वहिनी रेल्वेच्या फाटकात अडकलेल्या रिक्षात बाळंत झाली. समोरून मालगाडी जात होती आणि मी भाचीला माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळत होते. त्यानंतर आमदारांना मी अकरा अर्ज दिले. हे गृहस्थ भर उन्हाळ्यातही गळ्यात मफलर घालतात, म्हणून त्यांना सगळे मफलरसाहेब म्हणतात. अकरावा अर्ज हातात घेऊन ते म्हणाले, “ताई, अक्षर फार सुंदर आहे तुमचं.” त्या दिवशी माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

“रेघा खोडून वर लिहिते,” मी म्हटलं.

“खाडाखोड चालत नाही. नवा संच घ्या.”

“अकरा पानं पुन्हा लिहू?”

“तेरा.”

“मफलरसाहेबांचाही असाच तपासलात का?”

“त्यांचा दोनदा परत केला.”

माझा काडीचा विश्वास बसला नाही. पण घड्याळ काही माझ्या रागासाठी थांबणार नव्हतं. बसायला खुर्ची नव्हती. खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहायला लागले. तिथलं पेन दोऱ्याने बांधलेलं, आणि दोरा एवढासा... म्हणजे माझं डोकं जवळजवळ त्याच्या टेबलावरच. मागे वहिनी भाचीला कडेवर घेऊन उभी होती. वेळ वाचावा म्हणून तो एकेक रकाना वाचून दाखवू लागला.

“पतीचं नाव.”

“नाही.”

“‘नाही’ नको. लागू नाही.”

लिहिलं.

“पतीचा व्यवसाय.”

“लागू नाही.”

“पतीच्या नावावरची वाहनं.”

“अहो, जो माणूसच नाही त्याच्याकडे वाहन कुठून येईल?”

“फॉर्मला ते कळत नाही.”

“तुम्हाला तरी कळतं ना?”

त्याने मान वर केली. “मला पहिल्याच रकान्यात कळलं,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. वहिनीला नेमका तेव्हाच खोकला आला.

दोऱ्याचं पेन सातव्या पानावर संपलं. त्याने खिशातलं स्वतःचं काढून दिलं — निळं, टोपण चावून चावून चपटं झालेलं. आमची आत्या भेटली की ‘अजून लग्न नाही का’ म्हणून एकदाच ऐकवते. सरकारने एका बैठकीत चौदा वेळा लिहून घेतलं.

तीनला चार मिनिटं कमी असताना अर्ज दाखल झाला. आभार मानायचे सोडून मी काय म्हटलं? “लोकांना छळायचाच पगार मिळतो तुम्हाला.” त्याने पोचपावतीवर शिक्का मारून ती माझ्याकडे सरकवली. त्याच्या कोपराशी जेवणाचा डबा होता, अजून न उघडलेला.

दुसऱ्या दिवशी अर्जांची छाननी. मफलरसाहेबांचा वकील प्रत्येक विरोधकाच्या कागदावर बोट ठेवत, रकाना रकाना चाळत बसला होता. एका निवृत्त मास्तरांचा अर्ज दोन रिकाम्या रकान्यांसाठी बाद झाला. मग त्याने माझा ओढला. पाचव्या पानावर थांबला, नवव्यावर थांबला... आणि फाइल मिटली. माझा अर्ज वैध ठरला. खिडकीवाला मागच्या टेबलावर पेनाला नवा दोरा बांधत होता. त्याने वरही बघितलं नाही.

काल त्याने माझा कागद मुकाट्याने घेतला असता, तर तो वेळेवर जेवला असता आणि मी आज घरी बसले असते. आपण चुकलो हे कळलं की मला समोरच्याचा जास्तच राग येतो. तसाच राग घेऊन मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

“तुमचं पेन राहिलं माझ्याकडे. घ्या.”

“घेता येणार नाही. ड्युटीवर असताना उमेदवाराकडून काही घेत नाही मी.”

“अहो, तुमचंच आहे!”

“तरी.”

“मग चहा तरी...”

“चहा तर मुळीच नाही.” जरा थांबून तो हळूच म्हणाला, “निकालानंतर... दोन्ही.”

प्रचारात तो तीनदा दिसला आणि तिन्ही वेळा रस्ता ओलांडून पलीकडे गेला. शेवटच्या वेळी पाऊस भुरभुरत होता. तो दुकानाच्या वळचणीला उभा होता. मी छत्री पुढे केली, तर हा पठ्ठ्या सरळ पावसात निघाला. का? तर छत्री हे माझं निवडणूक चिन्ह. माझ्या चिन्हाखाली कुणी पाहिलं असतं तर? त्याचा ओला होत गेलेला शर्ट मी वळणापर्यंत बघत राहिले. त्या संध्याकाळी सभेत माझ्याच भाषणातली दोन वाक्यं मी विसरले. वहिनी म्हणाली, “अगं, मतं मागायला निघालीस की मन द्यायला?” मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मी तीनशे बारा मतांनी हरले.

मफलरसाहेबांनी प्रचारातच प्रसूतिगृहाच्या दाराला हिरवा रंग मारून घेतला होता. कुलूपही नवं लावलं. आत डॉक्टर नाही, खाट नाही, पण दार बघावं! मी रडले ती हरले म्हणून नाही, त्या हिरव्या रंगासाठी रडले.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं जिन्याखाली टेबल टाकलं. रांग होतीच. चौथ्या नंबरावर तो उभा होता.

“पेन,” तो म्हणाला.

“घ्या. हरले म्हणून आलात ना?”

“निकाल लागला म्हणून आलो.”

“आणि जिंकले असते तर?”

“तरी आलो असतो. फक्त रांग मोठी असती.”

मला हसू आलं, ते मी दाबलं. त्याने एक कागद पुढे केला. नोकरीतली त्याची माहिती नव्याने भरून द्यायची होती. सगळं स्वच्छ अक्षरात भरलेलं, फक्त एक रकाना कोरा. पत्नीचं नाव.

“हा रिकामा चालत नाही,” मी म्हटलं. “मला तेरा पानं लिहायला लावलीत. विसरलात?”

“नाही विसरलो. तीन दिवस ‘लागू नाही’ लिहायला बसतोय...” तो कागदाकडे बघत होता. “लिहवत नाही.”

मागून पेन्शनवाले आजोबा म्हणाले, “ताई, यांचं काही अडलंय का?”

अडलं होतं ते माझं. आणि माझं अडलं की मी भांडते.

“हे बघा,” मी म्हटलं, “पाच वर्षांनी मी परत उभी राहणार. ते कुलूप निघेपर्यंत दर वेळी उभी राहणार. तेव्हाही त्या खिडकीतून माझे कागद परत सरकवाल?”

“नाही.”

“का? तोवर नियम बदलतील?”

“नियम तेच आहेत.” त्याचे कान पुन्हा लाल झाले. “उमेदवाराच्या नातेवाइकाला... त्या खिडकीवर बसवत नाहीत.”

रांगेतले सगळे ऐकायला पुढे झुकले. सगळ्यांदेखत, पेन्शनच्या कागदांमध्ये, नियम सांगून मागणी घालायची ही कसली तऱ्हा? मला राग आला. खूप आला. मी टेबलाखालचं स्टूल ओढून त्याच्यापुढे सरकवलं.

“बसा,” मी म्हटलं, आणि त्याचं ते चावलेलं पेन उघडलं. “रकाना लहान आहे आणि माझं नाव मोठं. जरा वेळ लागेल.”