तिसऱ्या मजल्यावरची शिस्त

हातात नव्या पुस्तकांची चळत, सगळ्यात वरचं हनुवटीने दाबलेलं... अशी ती तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटांमधल्या बोळात वळली आणि उकिडवं बसून जमीन मोजणाऱ्या माणसावर जवळजवळ आदळलीच. चळत कोसळली. त्यातलं एक जाडजूड पुस्तक नेमकं त्याच्या पाठीत बसलं.

"लागलं का?" तिने विचारलं.

"पुस्तकाला? नाही, शाबूत आहे," तो पाठ चोळत म्हणाला.

ती विद्यापीठाच्या ग्रंथालयाची ग्रंथपाल. वय फार नाही, पण दरारा असा, की तिची पावलं वाजली की पोरंपोरी कुजबुज जागीच गिळायची. तो नियोजनकार. काळ बदलतोय, तेव्हा ग्रंथालयाने पुढची पाच वर्षं कोणत्या वाटेने जायचं, ते ठरवायला समितीने त्याला बोलावलं होतं. त्याचे डोळे हसरे आहेत हे तिने पहिल्याच नजरेत टिपलं. मग मोजमाप कशासाठी चाललंय ते तिला कळलं, आणि ते डोळे तिला आवडेनासे झाले.

त्याच्या मसुद्यात तिसरा मजला रिकामा होणार होता. पुस्तकं शहराबाहेरच्या गोदामात जायची आणि त्यांच्या जागी गटचर्चेच्या काचेच्या खोल्या यायच्या. याच मजल्यावर बसून ती शिकली होती. तो असा उचलून गोदामात जाऊ द्यायची तिची तयारी नव्हती.

मग रोज वाद सुरू झाले. तो आकडे घेऊन यायचा, ती ते खोडून काढायची, आणि दोघांचे चहाचे कप गार व्हायचे. काउंटरवरचे काका सगळं बघत होते. "भांडायला जाताना केस सारखे करणारी तूच पहिली," असं त्यांनी तिला एकदा सुनावलं. तिने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण केसांवरचा हात पटकन खाली आला.

एका दुपारी मात्र त्याने मसुदा मिटून ठेवला.

"मला एक समजत नाही," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता, वरचा मजला रोज भरलेला असतो. मग संध्याकाळी एका तरी टेबलावर एखादं पुस्तक पडलेलं दिसायला नको?"

"पडलेलं?" तिचा आवाज चढला. "माझ्याकडे कोणी पुस्तक टाकून जात नाही. वाचून झालं की ज्याने त्याने जागेवर नेऊन ठेवायचं. ही शिस्त मी लावलीय."

त्याने कपाळाला हात लावला आणि हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते काही दबेना.

इतर ग्रंथालयांत म्हणे टेबलावर राहिलेली पुस्तकं संध्याकाळी नोंद करणाऱ्या यंत्राखालून नेतात आणि मगच कपाटात लावतात. घरी न नेता तिथेच बसून काय काय वाचलं जातं, ते त्यावरूनच कळतं. इथे टेबलं आरशासारखी लख्ख. त्यामुळे संगणकाच्या लेखी तिसऱ्या मजल्यावर चिटपाखरूही फिरकत नव्हतं.

तिचा चेहरा लाल झाला. ज्या शिस्तीचा तिला एवढा अभिमान, त्याच शिस्तीने तिने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"समितीची बैठक कधी?" तिने विचारलं.

"महिनाभराने."

"पुरे आहे," ती म्हणाली, आणि त्याच दिवशी वर पाटी लागली: पुस्तके टेबलावरच ठेवावीत.

विद्यार्थ्यांचा आधी विश्वासच बसेना. बाई परीक्षा घेताहेत, असं समजून कितीतरी जण पुस्तकं चोरून कपाटात ठेवू लागले. तिला स्वतः टेबलाटेबलाशी जाऊन पसारा करा म्हणून सांगावं लागलं, आणि तसं सांगताना तिचेच हात आवरायला शिवशिवत होते. संध्याकाळी तो पुस्तकं यंत्राखाली धरायचा, ती लावायची. पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन तिरपं आत यायचं. पुस्तक देताघेता बोटांना बोटं लागायची... आणि दोघंही एकदम फार कामात असल्यासारखं दाखवायची. एक कोपरा खरोखरच कोणी शिवत नव्हतं. जुन्या अहवालांच्या त्या रांगा गोदामात जाऊ देत, हे तिनेच आपणहून सांगितलं. तेव्हा त्याने तिच्याकडे जे पाहिलं, त्यानंतरची दोन पुस्तकं तिने चुकीच्या कपाटात लावली.

बैठकीत अध्यक्षांनी नेमकं बोट ठेवलं. आकडे महिन्याभरात असे कसे फिरले? तो उठला आणि आपल्या पद्धतीतच त्रुटी होती म्हणून सांगू लागला. तो तिच्यासाठी खोटं बोलत होता, हे तिला गोडही वाटलं आणि सहनही झालं नाही.

"त्यांची नाही, माझ्या शिस्तीची चूक," ती उभी राहून म्हणाली. "वाचक होतेच. मीच त्यांच्या खुणा पुसत होते. आता मोजलेत, आणि मजला ठेवा म्हणून मागणं आहे. अहवालांचा कोपरा घ्या, तिथे तुमच्या काचेच्या खोल्या करा."

मजला राहिला. अध्यक्षांनी वर शाबासकीही दिली.

बाहेरच्या व्हरांड्यात तो बॅग खांद्याला लावून उभा होता. काम संपलं होतं. उद्या दुसरं शहर, दुसरं ग्रंथालय. तिने विचार करायला स्वतःला वेळच दिला नाही.

"तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं," ती म्हणाली. "ग्रंथालयासाठी नाही... माझ्यासाठी. तुम्ही मला आवडता. आत सगळ्यांसमोर बोलणं सोपं होतं, हे अवघड आहे."

त्याने बॅग खाली ठेवली.

"सकाळपासून मी हेच बोलायची तयारी करतोय," तो म्हणाला. "पण तुम्ही मला कधी आधी बोलू दिलंय?"

ती हसली, व्हरांड्याच्या बाकावर बसली आणि शेजारी जागा करून दिली.

"बोला," ती म्हणाली. "आज मी अजिबात खोडून काढणार नाही."

आणि तो बोलत राहिला, आणि तिने सगळं ऐकून घेतलं.