पेल्हॅमसाहेबांचं एक मिनिट

मूर्खपणा माझाच. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, नवरा जबल अली बंदरावर नाइट शिफ्टला, आणि मी रात्री अकराला नोरा आंटींचा डबा परत करायला वरच्या मजल्यावर जाते काय, आणि त्यांच्या मिस्टरांना, जेरार्ड अंकलना, "एखादी खरी भुताची गोष्ट सांगा ना" म्हणते काय! वर पंधरा वर्षांच्या लेकीला, शुभ्रालाही सोबत नेलं. तिला भीती वाटू नये म्हणून तिचा हात धरून बसले. भीती कुणाला वाटत होती ते जाऊ दे.

अंकल वसईचे. तीस वर्षं दुबईतल्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड्स सांभाळून आता रिटायर्ड. त्यांनी बाल्कनीतला दिवा घालवला.

"माझ्या ओळखीतल्या माणसाचं आहे हे. डॉक्टर नीरव. पण आधी त्याचे बॉस, पेल्हॅमसाहेब. ब्रिटिश. इथले निम्मे डॉक्टर त्यांनी घडवले. राउंडला आले की खुर्ची ओढणार, पेशंटशेजारी बसणार, मनगट धरणार आणि घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट नाडी मोजणार. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं कुणी, की अख्खा वॉर्ड हादरायचा. सगळं हॉस्पिटल कॉम्प्युटरवर गेलं, पण हा बाबा शाईच्या पेनाने कागदावरच लिहिणार."

"गोड होते हो," मी म्हटलं.

"थांब गं सुनेत्रा. समाधान नावाचा एक ड्रायव्हर ॲडमिट होता. नऊ नंबरचा बेड. साहेबांनी नाडी मोजली, लिहिलं, ठोके चुकतायत, घरी सोडू नका. नीरवला बेड रिकामा हवा होता. त्याने सोडलं. कामगारांच्या कॅम्पवर पोचायच्या आत, कंपनीच्या बसमध्येच गेला बिचारा."

"अरे देवा."

"नीरवने ते पान फाडलं. चौकशीत म्हणाला, म्हाताऱ्याने काही लिहिलंच नव्हतं. चाळीस वर्षांची इज्जत एका दुपारी धुळीला. हॉस्पिटल सोडताना साहेब त्याला एवढंच म्हणाले, तुझी नाडी मोजायची राहिली. नोव्हेंबरात तिकडे इंग्लंडात वारले. आणि नीरव झाला डिपार्टमेंटचा हेड."

खाली एक गाडी गेली. मग तीही नाही.

"गुरुवार, तेवीस जानेवारी. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. नीरव एक फाइल घ्यायला वॉर्डात गेला. नर्स हिबा दुसऱ्या टोकाला होती. नऊ नंबरचा पडदा ओढलेला. बेड तर रिकामा होता... आणि आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला."

अंकल थांबले. मीही श्वास थांबवला, कारण त्यांना व्यत्यय नको.

"पडदा सारला. कुणी नाही. नुसती खुर्ची. बेडला लावलेली. तो मागे वळला... आणि मनगट धरलं गेलं. तीन बोटं. गार. कानाशी आवाज... बस. तो बसला. हात सुटेना. ओरडता येईना. समोर भिंतीवर घड्याळ. सेकंदकाटा. एक ठोका. दोन. तीन. प्रत्येक ठोका हलका होत गेला. कुणीतरी काढून घेतंय, तसा. चाळीस... पन्नास... साठाव्या सेकंदाला..."

"काय?" माझा आवाज मांजरीसारखा निघाला.

"...खलास."

मी शुभ्राच्या आणखी जवळ सरकले.

"सकाळी नीरव माझ्याकडे आला, रेकॉर्ड्समध्ये. स्वतःहून सगळं सांगितलं. पान फाडलेलंसुद्धा. लेखी दिलं. नोकरी गेली, लायसन्स गेलं. मला वाटलं, आता साहेब सोडतील. धीर द्यायला मी त्याचा हात धरला..." अंकल स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. "मी डॉक्टर नाही. पण आयुष्य त्यांच्यात काढलं. पूर्ण एक मिनिट बोटं ठेवली. एक ठोका नाही लागला. हिबाने बघितलं. तिलाही नाही. दोन्ही मनगटं. आज शारजात एका गोदामात कामाला आहे तो. चालतो, बोलतो, जेवतो. नाडी... अजून कुणालाच लागलेली नाही."

"मम्मा," शुभ्रा म्हणाली, "स्टॉप चेकिंग माय पल्स."

मी हात सोडला. घसा खाकरला. चार माणसांत विचारू नये असं विचारलंच.

"पण अंकल, तो माणूस जिवंत आहे की नाही?"

अंकलनी चष्मा पुसला.

"गेल्याच महिन्यात व्हिसा रिन्यू झालाय त्याचा."