बारावा तुकडा

घरात तान्हं मूल असलं की आईला एक खोड जडते. मूल झोपलं की हळूच त्याच्या नाकाखाली बोट धरायचं आणि ऊन ऊन वारा बोटाला लागला की मगच आपण श्वास सोडायचा. ही गोष्ट जिची आहे तिला ही खोड जरा जास्तच होती. लेक आठ महिन्यांची, अंगानं काडी, तरी लाडानं नाव पडलेलं ठमी.

"अगं, किती वेळा बोट लावशील? झिजेल त्या पोरीचं नाक!" सासूबाई म्हणायच्या. "मी चार वाढवली. एकाच्याही नाकाला हात लावला नाही. चौघंही धडधाकट श्वास घेतायत. वर घोरतायत!"

त्या दिवशीही दुपारी हेच चाललं होतं. रेडिओ आदल्या सकाळपासून बंद झाला नव्हता. मोठ्या बाई गेल्या होत्या. त्यांचं नाव कुणी घेत नसे, मोठ्या बाई म्हटलं की गाणाऱ्या त्याच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एकामागून एक माणसं रेडिओवर येत होती, आणि प्रत्येक जण फिरून तेच सांगत होता. बाईंच्या गाण्यात श्वास घेतल्याचा आवाज कधीच येत नसे. जणू त्या श्वासाशिवाय गायच्या.

"यांना काय माहीत," ती ठमीच्या लंगोटाची घडी घालत पुटपुटली.

"गप," सासूबाई म्हणाल्या. "कालच गेलीय ती. आज तरी काही काढू नकोस."

तेवढ्यात खालच्या दुकानदारानं हाक मारली. स्टुडिओतून फोन होता. स्टुडिओ सांभाळणाऱ्या काकांनी बोलावलं होतं, आत्ताच्या आत्ता, तासाभराचं काम. सासूबाईंचा गुडघा धरलेला. ठमीला कुणाकडे ठेवणार? तिनं पोरीला कडेवर घेतलं, पिशवीत दोन लंगोट टाकले आणि निघाली.

तिचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. स्टुडिओत सगळे तिला कात्री म्हणायचे. हातात असायचं खरं तर ब्लेड, पण नाव पडलं ते पडलं. गाणं टेपवर उतरलं की ओळीओळीच्या मधले श्वास शोधायचे, टेप हातानं पुढेमागे ओढून कानानं जागा पकडायची, दोन्हीकडून तिरका काप द्यायचा आणि श्वास काढून उरलेली टोकं चिकटपट्टीनं जोडायची. काप तिरकाच हवा, सरळ दिला तर जोड कानाला टोचतो. काढलेले तुकडे फेकायचे नाहीत. गाणं बाहेर जाईपर्यंत बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे, न जाणो एखादा परत लावावा लागला तर. सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

हे काम तिला ताईनं मिळवून दिलं होतं. सख्खी थोरली बहीण. आणि ताईचं काम काय होतं, ते जगात चारच माणसांना ठाऊक होतं. बाईंचा वरचा आवाज कधीच गेला होता. खालच्या ओळी बाई गायच्या, वरच्या ओळी त्यांच्या मागे उभी राहून ताई गायची. नऊ वर्षं. दोघींचे आवाज इतके सारखे की आईनं ऐकलं तरी फसावी. फरक कळायचा तो फक्त श्वासात. बाईंच्या श्वासाला नाकातून बारीकशी शीळ यायची. ताईचा श्वास म्हणजे रडून थांबलेल्या मुलासारखा, मध्येच एक आवंढा. म्हणून तर कात्री लागायची. एकेक ओळ झाली की बाई माइकमधून थंड आवाजात म्हणायच्या, "कात्री... काढ."

ती काढायची. आपल्याच बहिणीचा श्वास आपल्याच हातानं.

ताई छातीच्या दुखण्यानं झिजत गेली, तेव्हा धाकटी दोनदा बाईंच्या दारात मदत मागायला जाऊन आली. दोन्ही वेळा निरोप, बाई घरात नाहीत. पण बाई सतत चघळायच्या त्या खोकल्याच्या गोळीचा ज्येष्ठमधाचा वास बाहेरपर्यंत येत होता. ताई गेली त्याच महिन्यात बाईंची मुलाखत छापून आली. तुमच्या यशात कुणाची साथ? बाई म्हणाल्या होत्या, "माझ्या गळ्यात दुसऱ्या कुणाचा श्वास नाही."

तर, ती स्टुडिओत पोचली तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. आत मात्र कायमची संध्याकाळ. खिडकी नाही, भिंतींना जाड फोम. तिथे टाळी वाजवली तर हातातल्या हातात विझायची. मशीन पुसायच्या स्पिरिटचा वास, एकच पिवळा दिवा.

"बाईंचं हे न आलेलं गाणं," काका टेप चढवत म्हणाले. "आज सातला रेडिओवर लावणार. साडेसहाला माणूस न्यायला येतोय. श्वास तेवढे काढ. आणि तो सगळ्यांकडून दोन-दोन शब्द घेतोय. तूही बोल. चांगलं."

"खरं बोललं तर चालेल?"

काकांचा हात थांबला. "आज? अगं, माणूस अजून नीट गारही झालं नाही."

"असताना बोलले असते तर तुम्ही कामावरून काढलं असतं. आज बोलू नको, कारण त्या कालच गेल्या. आणि वर्षभरानं बोलले तर लोक म्हणतील, ही आत्ताच कुठून उगवली? मग माझ्या ताईचं बोलायचं कधी, काका? तारीख सांगा, मी कॅलेंडरवर खूण करून ठेवते."

"तिला आता उत्तर देता येत नाही, पोरी. एवढंच म्हणणं आहे माझं. समोरच्याला तोंड असावं, मग भांडावं."

"ताईला देता येत होतं?"

काकांनी खिशातून काडेपेटी काढली, सिगारेट घेतली, पुन्हा ठेवली. "मी जरा बाहेर जाऊन येतो," म्हणाले, आणि गेले. जाड दार मागून लागलं आणि रस्त्याचा आवाज कुणी पुसून टाकावा तसा नाहीसा झाला.

ठमी पेंगुळली होती. आईनं तिला काचेपलीकडच्या गाण्याच्या खोलीत नेलं, फोमच्या गादीवर निजवलं आणि वरचा माइक खाली ओढून चालू केला. ही तिची नेहमीची युक्ती. पोर काचेपलीकडे, पण तिचा श्वास स्पीकरमधून आईच्या कानाशी. बोट लावायला नको.

मग ती कामाला बसली. टेपवर बाईंचे सहा श्वास निघाले. शिळेचे. तिनं सहाही कापले, डब्यात टाकले. ताईचे पाच. पहिल्याशी आली, आवंढा ऐकला, आणि ब्लेड हातात तसंच राहिलं. ताईच्या नावावर आवाज नाही कुठे, फोटो एकच, तोही लग्नातला, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या मागे. हा आवंढा तेवढा उरलेला.

तिनं ठरवलं. हे पाच ठेवायचे. आज सातला सगळा देश कान लावून बसणार आणि वर चढताना एक वेगळीच बाई श्वास घेताना ऐकणार. कुणाला तरी कळेलच. कुणीतरी विचारेलच, ही कोण? आपल्या तोंडानं एक शब्द वाईट बोलायला नको.

ऐकून बघावं म्हणून तिनं टेप पहिल्यापासून लावली. खालची ओळ झाली. ताईचा श्वास आला, आवंढ्यासकट, आणि वरची ओळ उचलली गेली.

काहीतरी कमी होतं. तिला आधी कळेना काय. मग कळलं. स्पीकरमधला ठमीचा श्वास.

तिनं टेप थांबवली. शांतता. मग... हं... पुन्हा आला. बारीक, एकसारखा. तान्ह्या मुलांचा चुकतो एखादा, तिनं स्वतःला सांगितलं. टेप पुन्हा लावली. ताईचा दुसरा श्वास आला आणि ठमीचा थांबला. या वेळी जास्त वेळ.

ती उठून धावली. काचेच्या खोलीत पाऊल टाकलं. ठमी गादीवर शांत, गाल लाल. नाकाखाली बोट धरलं. ऊन वारा. सगळं ठीक. फक्त त्या खोलीत ज्येष्ठमधाचा वास येत होता. ओला, नुकताच कुणी तोंड उघडल्यासारखा. बाई तर दोन वर्षांत त्या खोलीत आल्या नव्हत्या.

ठमीला उचलणार, एवढ्यात तिला वाटलं, आपण खुळ्या झालोय, दोन रात्री नीट झोप नाही, सहा वाजत आले, अजून जोड तपासायचे राहिलेत. आई झाल्यावर माणूस आपल्या भीतीवर विश्वास ठेवायलाच विसरतं, कारण ती रोजचीच असते. ती परत खुर्चीत येऊन बसली. टेपला हात लावला नाही. नुसती ऐकत राहिली.

ठमीचा श्वास. मग ठमीचा श्वास. मग त्याच्या शेजारी, अगदी माइकला तोंड लावून, दुसरा. बारीक शीळ असलेला.

काचेपलीकडे फक्त पोर होती.

"बाई..." तिच्या तोंडून निघालं. "बाई, ती लहान आहे हो..."

शीळ थांबली. ठमीचाही श्वास थांबला. स्पीकरमध्ये नुसती खोली ऐकू येत होती. मग थंड, ओळखीचा आवाज, अजिबात घाई नसलेला.

"कात्री... काढ."

तिनं काढले. पाचही. डोळे काचेवर, ठमीच्या छातीवर, आणि हात टेपवर. नऊ वर्षांत तिनं टेपकडे न बघता एकही काप दिला नव्हता, तो त्या दिवशी दिला, जोडही तसेच लावले. ओढ, थांब, काप. ओढ, थांब, काप. हाताला सवय होती, हात चुकत नव्हता, असं तिला वाटलं. पाचवा तुकडा डब्यात पडला आणि स्पीकरमध्ये काहीच आलं नाही. तिनं आणखी एकदा ब्लेड चालवलं. कशावर चालवलं, ते तिला नंतरही आठवलं नाही. मग काचेपलीकडे ठमी हलली, पाय झाडले, हसली.

दार उघडलं. काका होते, मागे रेडिओचा माणूस. त्यानं टेप घेतली, लहानसा माइक तिच्यासमोर धरला. "दोन शब्द बोला. तुम्ही बाईंजवळ इतकी वर्षं..."

ती ठमीला घट्ट धरून उभी होती. काका तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, "त्यांच्या गळ्यात दुसऱ्या कुणाचा श्वास नव्हता."

"वा," माणूस म्हणाला.

सातला गाणं लागलं. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "बघ, गाते की वाहते! श्वाससुद्धा ऐकू येत नाही गं. आणि तू नावं ठेवत होतीस." ती ठमीच्या नाकाखाली बोट धरून बसली होती. छाती वरखाली होत होती. अंग ऊन होतं. पोर दूध पीत होती, मध्येच थांबून हसत होती.

बोटाला काहीच लागत नव्हतं.

तिनं आरसा आणला, कपाटातला लहान. नाकासमोर धरला. आरसा लख्ख राहिला.

डॉक्टरांनी तपासलं, छाती साफ आहे म्हणाले, वर आईलाच झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत गेली, डबा उघडला, तुकडे टेबलावर मांडले. सहा आणि पाच, अकरा हवेत. बारा होते. बारावा बोटाच्या पेराएवढा. तिनं तो मशीनवर लावला. आवाज आला तो तिनं आठ महिने रोज ऐकला होता.

"टेपवर परत चिकटवता येतं, काका," ती म्हणाली. "माणसाला कुठं चिकटवू?"

काकांनी आपली काडेपेटी रिकामी केली आणि तिच्या हातात दिली.

याला सात वर्षं झाली. ताईचं नाव तिनं पुन्हा कुणाजवळ काढलं नाही. बाईंचा पुतळा झाला, तिथेही गेली, फूल वाहून आली. काका वारले, स्टुडिओच्या जागी पादत्राणांचं दुकान आलं, डबा कुठे गेला कुणाला माहीत नाही. ब्लेड तिनं त्या दिवसापासून हातात धरलं नाही. घरात ठेवलंही नाही.

ठमी गाते. कुणी शिकवलं नाही. संध्याकाळी जिन्यात बसून एक ओळ उचलते आणि ती ओळ संपतच नाही, ऐकणाऱ्यांचा जीव गुदमरायला लागतो. शेजारणी दारात येऊन उभ्या राहतात. "अगदी मोठ्या बाईच! श्वास कुठे घेते, कळतच नाही!"

काडेपेटी कपड्यांच्या खाली असते. आई रोज सकाळी उघडून बघते. तुकडा दमट असतो, पेटीच्या झाकणाला आतून धुकं आलेलं असतं. ते बघितलं की तिचा दिवस सुरू होतो.

या महिन्यात तिनं तो आपल्या बोटावर ठेवून बघितला. पेराएवढा होता तो, आता नखाएवढा उरलाय. एका बाजूची कड ताजी आहे. आणि तिरकी.

तसा तिरका काप फक्त तीच द्यायची.